रविवारी ड्युटी असलेल्यांसाठी : मावळ-लोणावळ्यातील ख्रिस्ती मंडळींना आवाहन



हे आवाहन सर्वांसाठी आहे, पण पहिल्याने ते त्यांच्यासाठी आहे ज्यांना रविवारी उपासनेला किंवा मिस्साला येता येत नाही. आपल्या गावाचा रविवार सुट्टीचा नसतो. मुंबई-पुण्याला सुट्टी लागली की लोणावळ्याला काम लागतं. पावसाळ्यात शनिवार दुपारपासून जुना हायवे तुंबतो. रविवारी सकाळी मंडळी उपासनेला बसते तेव्हा आपली कितीतरी माणसं चिक्कीच्या दुकानात तराजूपाशी उभी असतात, हॉटेलच्या मोरीवर भांडी घासत असतात, तुंगार्लीच्या एखाद्या बंगल्यात पाहुण्यांच्या चादरी बदलत असतात, भुशीच्या वाटेवर कणसं भाजत असतात, नाहीतर टॅक्सीत चावी फिरवून गिऱ्हाइकाची वाट बघत असतात. तळेगाव-चाकणच्या कंपन्यांतल्या पाळ्यांना तर रविवार आणि गुरुवार सारखेच.

पुढे काय होतं ते आपण सगळे पाहतो. सुरुवातीला माणूस म्हणतो, ‘या रविवारी जमलं नाही.’ मग पाळक भेटले की रस्ता बदलतो. येणं नाताळ आणि ईस्टरपुरतं उरतं. त्याला वाटत राहतं की आपण देवापासून दूर गेलो, आणि मंडळीतल्या काहींनाही तसंच वाटतं. हे मनाला फार लागतं. ज्या बाईने सकाळपासून अकरा खोल्या झाडल्या, ती कमी विश्वासाची आणि पहिल्या बाकावर इस्त्रीचे कपडे घालून बसलेले आपण जास्त विश्वासाचे, असा हिशोब प्रभूपाशी नाही. तिचा आठवडा आपल्या वेळापत्रकात बसत नसेल तर वेळापत्रक बदलायला हवं. तिला दोष देऊन मंडळीचं काही भलं होणार नाही.

आपल्या या डोंगरांत विश्वासाची एक मोठी गोष्ट घडून गेली आहे. आपल्याच मुलांना ती ठाऊक नाही, म्हणून इथे सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोणावळ्याला मिशनऱ्यांच्या भक्तिसभा भरत असत. घाटातून आगगाडी १८६३ साली सुरू झाली होती, त्यामुळे मुंबईहून आणि पुण्याहून माणसं सहज येत. १८९६-९७च्या दुष्काळाच्या अगोदरच्या काळात पंडिता रमाबाई अशा सभेला पुण्याहून आल्या. बरोबर त्यांच्या शारदा सदन या आश्रमातल्या पंधरा मुली होत्या. एके दिवशी पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या आणि सूर्य उगवत असताना त्यांनी देवाकडे मागणं केलं की या पंधरांचा वर्ग व्हावा, पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस मुली पुढच्या सभेच्या आत पदरात पडाव्यात. हे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे.

प्रार्थना ऐकली गेली, पण ती रानात बसून राहिल्याने नव्हे. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून माहीत नव्हता. त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीतच गेले होते. त्या उठल्या, मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर, धर्मशाळांत मरायला टेकलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांची संख्या दोनशे पंचवीसच्याही पुढे गेली. पुण्यात प्लेग होता, तिथे एवढ्या जणींना ठेवता येईना, म्हणून दौंडजवळ केडगावला घेऊन ठेवलेल्या शेतावर त्यांना नेलं. मुक्ती मिशन त्या शेतात उभं राहिलं.

आणि केडगावला रोज काय होतं? प्रार्थना होती, तशी दळणं होती. विहिरी खणल्या गेल्या, माग चालले, तेलघाणा फिरला, गाई दोहल्या गेल्या, छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर करत बसल्या. वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं, तोवर हे काम हातात होतं. लोणावळ्याच्या रानातली ती एक पहाट फार मोठी होती यात शंका नाही. पण तिच्यामागे पंचवीस वर्षांची साधी, न चुकलेली सकाळ-संध्याकाळ नसती तर त्या पहाटेचं नावही कोणी घेतलं नसतं.

आमचं पहिलं मागणं यातूनच निघतं. घरात रोज दहा मिनिटं काढा. पहाटेची लोकल पकडणाऱ्यांनी रात्री काढा, रात्रपाळीवाल्यांनी सकाळी घरी आल्यावर काढा. वेळ कुठलीही चालेल, पण ठरलेली असू द्या. कुठून सुरुवात करायची असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. आमचं सांगणं असं की स्तोत्रसंहितेपासून करा. स्तोत्रं दीडशे आहेत. एक जूनपासून रोज एक वाचलं तर ऑक्टोबर सरता सरता, म्हणजे पावसाळा उलटेपर्यंत, सगळी वाचून होतात. फक्त ११९वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, ते आठवडाभर वाटून घ्या. १२१वं आलं की मुलांना दारात नेऊन लोहगड-विसापूरकडे तोंड करून वाचायला सांगा, त्यात डोंगरांचा उल्लेख आहे आणि ते त्यांच्या कायम लक्षात राहील. वाचता येत नाही अशा आजी घरात असतील तर नातवंडाने मोठ्याने वाचावं. एखादा दिवस चुकला तर चुकलेलं भरून काढण्याच्या मागे लागू नका, त्या दिवसाचं स्तोत्र घ्या आणि पुढे चला. अर्धवट राहिलं या लाजेने पुष्कळ घरांतली उपासना कायमची बंद पडली आहे.

घरातले सगळे एकाच दिवसापासून उपासनेला बसतील अशी सक्तीही करू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षं किती जड गेली हे लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्यांना सांगायला नको. लक्ष्मीबाई आपल्या पायांनी, आपल्या वेळेला आल्या. नवरा येत नाही, मुलगा हसतो, म्हणून ज्या बहिणी एकट्याच बायबल उघडतात, त्यांनी एकटीने उघडत राहावं.

टिळकांची आणखी एक गोष्ट आपल्या लोकलवाल्यांसाठी. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक अनोळखी युरोपीय गृहस्थ भेटले, त्यांच्याशी बोलणं झालं आणि जाताना त्यांनी नव्या कराराची प्रत टिळकांच्या हातात ठेवली. टिळकांनी ती वाचायला घेतली आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन ते थांबले.  लोणावळा ते पुणे रोजचं जाणं-येणं करणाऱ्या आपल्या भावाबहिणींना एवढंच सांगायचं आहे की डब्यातली आपली वागणूक कोणाच्या तरी आयुष्यात उतरत असते. मळवलीला चढलेल्या म्हातारीला जागा देणं, कामशेतला भांडण पेटलं तर दोन शब्द शांतपणे बोलणं, तळेगावला उतरताना विसरलेली कोणाची पिशवी हाक मारून परत देणं, हे सगळं प्रभूच्या खात्यात आहे. प्रवचन देण्याची गरज नाही. कोणावर काही लादायचं तर मुळीच नाही.

कामाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण आपला बहुतेक जागेपणीचा वेळ तिथेच जातो. आपला प्रभू सुताराच्या घरात वाढला आणि सेवेला निघेपर्यंत त्याच्या हाताला हत्यारं होती. पौल तंबू शिवून पोट भरत असे. तेव्हा बंगल्याची राखण करणारा भाऊ आणि हॉटेलात पोळ्या लाटणारी मावशी यांचं काम उपासनेच्या बाहेरचं मानू नका. पाव किलोच्या पाकिटात पाव किलोच चिक्की असावी. गर्दी बघून अडलेल्या कुटुंबाकडून चौपट भाडं घेऊ नये, मग शेजारचा टॅक्सीवाला घेत असला तरी. मालक मुंबईला असताना खर्चाच्या वहीत खरा आकडा लिहावा. हे सोपं नाही, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांवर वर्ष काढणाऱ्या घराला तर मुळीच सोपं नाही. म्हणूनच असं वागणाऱ्या माणसाच्या पाठीशी मंडळी उभी असायला हवी. प्रामाणिकपणापायी एखाद्याचं काम गेलं तर त्या महिन्याचा किराणा आणि मुलांची फी यांची चौकशी आपण केली पाहिजे, ती त्याने मागण्याच्या आधी.

रविवारी कामावर असलेल्यांच्या हातून किती मोठी सेवा घडू शकते हे २०२४ आणि २०२५च्या पावसाळ्यांनी दाखवून दिलं. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारचे होते. शिवदुर्ग मित्र या बचावपथकाची मुलं आणि गावकरी पाण्यात उतरले, त्यांनी कोणाचा धर्म विचारला नाही. भुशीच्या वाटेवर, पवनेच्या काठावर, कुरवंड्याच्या कड्याकडे जे आपले लोक धंदा करतात त्यांना आमची हात जोडून विनंती आहे : पाणी वाढताना दिसलं की गिऱ्हाईक जाईल याची फिकीर न करता पर्यटकांना ओरडून मागे घ्या. मुलांच्या आयांना सांगा. एक कणीस कमी विकलं जाईल. आणि तरुण संघातल्या ज्यांना पोहता येतं, दोर बांधता येतो, त्यांनी बचावपथकाचं प्रशिक्षण घ्यावं. त्यासाठी रविवारची उपासना चुकली तर मंडळीने त्यांच्यासाठी उभं राहून प्रार्थना करावी.

आता दुसरं मागणं, आणि हे पाळकांना, फादरांना आणि पंचांना आहे. आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी, मंगळवारी किंवा बुधवारी, जेव्हा गाव शांत असतं, वाडीवाडीत घरगुती उपासना सुरू करावी. भांगरवाडी, गवळीवाडा, वलवण, नांगरगाव, खंडाळा, आणि पुढे कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव. अर्धा-पाऊण तास पुरे. एक भजन, एक वाचन, एकमेकांसाठी प्रार्थना. महिन्यातून एकदा प्रभुभोजन तिथेच द्यावं. कॅथलिक बांधवांमध्ये मधल्या वारच्या संध्याकाळी मिस्सा ठेवता येईल का, याचा विचार व्हावा. शब्बाथशाळेला न येऊ शकणारी मुलंही याच संध्याकाळी गोळा करता येतील, कारण आई दुकानात असली की मुलाला रविवारी आणणार कोण?

ज्यांच्या घरी उपासना असेल त्यांनी पोह्यांचा घाट घालू नये. चहासुद्धा नको, पाणी चालेल. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी शिरा होतो, आणि तिसरं घर खर्चाच्या धास्तीने आपली खोली देतच नाही. दहा बाय दहाची खोली असली तरी पुरेशी आहे. दाटीवाटीने बसू.

आपल्या शेजाऱ्यांकडून यात शिकण्यासारखं आहे. इंद्रायणी इथे कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते आणि आपल्या दारावरून देहूला जाते. टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताच्या चरणी तुकोबांच्या पुलावरून आलो. मावळातला माळकरी शेतकरी दिवसभर भाताच्या खाचरात वाकून लावणी करतो आणि संध्याकाळी हरिपाठ चुकवत नाही. त्याला कोणी वेगळा भक्तीचा वार दिलेला नाही. आपल्या आणि त्याच्या विश्वासात फरक आहे, पण रोजच्या रोज नेमाने देवासमोर बसण्याची त्याची चिकाटी आपण आदराने पाहावी. उद्या आपल्या घरी घरगुती उपासना असली तर त्याला आधी सांगा, आवाज बेताचा ठेवा, आणि त्याच्या घरी दुखणं असेल तर आपल्या प्रार्थनेत त्याचंही नाव घ्या.

शेवटची विनंती एकट्या राहणाऱ्यांविषयी. रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलं पुण्या-मुंबईला गेलेले, गुडघ्यांमुळे चढ चढू न शकणारे काका-काकू आपल्यात पुष्कळ आहेत. जुलै-ऑगस्टच्या झडीत आठ-आठ दिवस त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. प्रत्येक वाडीतल्या दोन घरांनी अशा एका घराची जबाबदारी घ्यावी : औषधं, गॅसची टाकी, छपराची गळती, आणि आठवड्यातून एकदा सोबत बसून स्तोत्र.

पहिल्या घरगुती उपासना जूनच्या दुसऱ्या आठवड्यात व्हाव्यात अशी इच्छा आहे. ज्यांना खोली देता येईल, ज्यांना वाचन किंवा भजन घेता येईल, ज्यांना रविवारी येता येत नाही पण मधल्या वारी येता येईल, आणि ज्यांना एखाद्या एकट्या वृद्धाचं घर ठाऊक आहे, त्या सगळ्यांनी आपल्या पाळकांना, फादरांना किंवा महिला मंडळाच्या बाईंना या महिनाअखेरपर्यंत सांगावं. चिठ्ठी पाठवली तरी चालेल. तिच्यावर नाव, वाडी, कामाची पाळी आणि सुट्टीचा वार एवढं लिहावं, म्हणजे संध्याकाळ ठरवताना तुमची सोय आधी बघता येईल.