आटे

वडिलांची डॉल्फिन मोटार बंगळूरची, १९८० नंतरच्या दशकातली, बॉडी फायबरग्लासची. परवा मागच्या दिव्याचा स्क्रू मी जरा जास्तच पिळला आणि भोकातले आटेच गेले. काचतंतूंना धरून ठेवणारे रेझिन ठिसूळ. त्याचा भुगा झाला. मी जाड स्क्रू शोधू लागलो.

“अरे, तडा जाईल!” वडील म्हणाले.

मग त्यांच्या देखरेखीखाली भोक घासले, अ‍ॅसिटोनने पुसले, काचतंतूंचे तुकडे कालवलेले इपॉक्सी भरले, २४ तास सुकू दिले, बारीक ड्रिल मारले आणि स्क्रू हलक्या हाताने बसवला.

वाचकहो, याच सत्रात शुद्धलेखनावरून एका विद्यार्थ्याला मी असेच पिळले होते. तो वर्गात येईनासा झाला. या सुट्टीत त्याच्या घरी जाईन म्हणतो. जाड स्क्रू न घेता.