राष्ट्राचे संरक्षण आणि विद्यापीठाचे स्वातंत्र्य

राष्ट्राच्या सुरक्षेचा विचार हे सेनापती, मुत्सद्दी आणि गुप्तहेर यांचे काम आहे; प्राध्यापकाने त्यात पडू नये, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ज्याच्या हाती गुप्त कागद नाहीत, तो सरकारला काय सांगणार, असा प्रश्न तिच्या मुळाशी असतो. या प्रश्नाचे समर्पक उत्तर १९९१ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्राने दिले आहे.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॉस्कोतील गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्धचा उठाव फसला आणि सोव्हिएत संघराज्याची शकले होणार हे दिसू लागले. बलाढ्य प्रतिस्पर्धी कोसळत असल्याचे समाधान वॉशिंग्टनमध्ये होते; परंतु त्याची सुमारे ३० हजार अण्वस्त्रे कोणाच्या ताब्यात जाणार, हा प्रश्न अनुत्तरित होता. लांब पल्ल्याची अण्वस्त्रे रशियाप्रमाणेच युक्रेन, कझाकस्तान आणि बेलारूस यांच्या भूमीवरही होती. बलिष्ठ सोव्हिएत संघाशी मुकाबला कसा करावा याचा हिशेब मांडण्यात ज्या यंत्रणेची चार दशके गेली, तिला दुर्बळ सोव्हिएत संघाचे भय बाळगण्याची सवय नव्हती.

हे भय प्रथम नीट मांडणाऱ्यांत हार्वर्डचे विज्ञान व आंतरराष्ट्रीय व्यवहार केंद्र अग्रभागी होते. पॉल डोटी या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९७३ साली स्थापन केलेले हे केंद्र आज बेलफर केंद्र या नावाने ओळखले जाते. तेथील पदार्थवैज्ञानिक अ‍ॅश्टन कार्टर व त्यांचे सहकारी यांनी कार्नेगी प्रतिष्ठानाच्या साहाय्याने एक अभ्यास केला आणि १९९१ च्या नोव्हेंबरात तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. धोका हल्ल्याचा नसून ताबा सुटण्याचा आहे. म्हणून ही शस्त्रे सुरक्षित ठेवण्यास व मोडीत काढण्यास अमेरिकेने स्वहितासाठीच मदत करावी, असे त्याचे सार होते.

त्यापूर्वी अशाच मदतीचा एक प्रस्ताव अमेरिकन काँग्रेसमध्ये मागे घ्यावा लागला होता. कालच्या शत्रूला पैसा देणे जनतेला मानवणारे नव्हते. १९ नोव्हेंबर रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम नन आणि रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड लुगार या सिनेटरांसमोर कार्टर यांनी आपले निष्कर्ष मांडले. त्यानंतर आठवड्याभरातच नन-लुगार दुरुस्ती सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ८ मतांनी संमत झाली आणि संरक्षणखर्चातून ४० कोटी डॉलरपर्यंत रक्कम या कामी वळविण्यास मान्यता मिळाली. १२ डिसेंबरला अध्यक्ष बुश यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली आणि दोनच आठवड्यांत सोव्हिएत संघराज्य संपुष्टात आले. पुढे कार्टर संरक्षण खात्यात गेले व या योजनेचा कारभार त्यांनीच पाहिला. १९९६ अखेर तिन्ही देशांतील अण्वस्त्रे रशियात हलविण्यात आली होती. हे श्रेय एका ग्रंथाचे खचितच नव्हे; नन यांना या संकटाची जाणीव आधीच झालेली होती. परंतु राज्यकर्त्यांना तहान लागली तेव्हा विहीर खणलेली होती, हे विसरता येणार नाही.

ती खणणे विद्यापीठाला शक्य झाले, कारण तेथे भौतिकशास्त्राचा पंडित आणि इतिहासाचा अभ्यासक एका मेजाभोवती बसू शकतात आणि वरिष्ठांना अप्रिय असलेली शक्यता विचारात घेतल्याबद्दल कोणाची बढती अडत नाही. शिवाय, प्रसिद्ध झालेले मत खोडून काढण्याची मुभा सर्वांना असते. शिकागो विद्यापीठाचे जॉन मिअरशायमर यांनी १९९३ साली नेमकी उलट बाजू मांडली : युक्रेनने अण्वस्त्रे सोडू नयेत, कारण रशियाला रोखण्याचे दुसरे साधन त्याच्यापाशी नाही. १९९४ च्या बुडापेस्ट कराराने युक्रेनला आश्वासने मिळाली. २०२२ साली रशियाने त्यावर सर्वंकष आक्रमण केले. कोणाचे मत बरोबर होते, हा वाद आजही चालू आहे. परंतु दोन्ही मते लोकांसमोर आली, ती विद्यापीठांमुळे.

मात्र सरकार प्रश्नही ठरवू लागले आणि पैसाही देऊ लागले, की या स्वातंत्र्याचा बळी जातो. वॉशिंग्टनच्या अमेरिकन विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका संशोधन कार्यालयाने सैन्याच्या पैशावर ‘कॅमेलॉट’ ही योजना आखली होती. परदेशांत बंडाळ्या का होतात व त्या कशा टाळता येतील, हा तिचा विषय. १९६५ साली चिलीतील विद्वानांना तिच्यामागील लष्करी हात कळला, गदारोळ झाला आणि जुलै महिन्यात संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांना ती रद्द करावी लागली. सरकारच्या हाती काही लागले नाही आणि लॅटिन अमेरिकेत अमेरिकी समाजशास्त्रज्ञांची पत मात्र गेली.

त्याच १९६५ सालच्या नोव्हेंबरात, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, दिल्लीत संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्था स्थापन झाली. के. सुब्रह्मण्यम यांच्यासारख्या संचालकांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि ती विद्यापीठाबाहेरची आणि संरक्षण मंत्रालयाच्या निधीवर चालणारी संस्था आहे. पुण्यासह काही विद्यापीठांत संरक्षणशास्त्राचे विभाग आहेत. परंतु तेथील विद्यार्थ्याने अभ्यास कशाचा करावा? १९६२ च्या पराभवाची चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रूक्स अहवालाचे निष्कर्ष चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेला थोडक्यात सांगितले. साठ वर्षे उलटली, तरी मूळ अहवाल सरकारने प्रसिद्ध केलेला नाही; २०१४ साली त्याचा काही भाग बाहेर आला, तो एका परदेशी पत्रकारामुळे. युद्धविषयक दप्तर सामान्यतः २५ वर्षांनी खुले करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ साली जाहीर केले आहे. ते मनापासून अमलात आले पाहिजे.

प्राध्यापकाला आजची गुपिते नकोत. हार्वर्डच्या अभ्यासकांचा ग्रंथही सर्वांना वाचता येईल असाच होता. त्याला जुनी कागदपत्रे हवीत, अप्रिय बोलण्याची मुभा हवी आणि ऐकून घेणारा एखादा नन किंवा लुगार संसदेत हवा. एवढे न देता विद्यापीठे देशाच्या सुरक्षेत भर घालीत नाहीत अशी तक्रार करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला पोहोचत नाही.