दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, बाई!

उन्हाळा लागला की आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर एक पत्रक चिकटवले जाते. ‘उष्माघातापासून बचाव : काय करावे, काय करू नये.’ गेल्या उन्हाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर बायांच्या बैठकीत मी ते मोठ्याने वाचून दाखवले. ‘दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका’ हे ऐकून बाया नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. ‘गॉगल, छत्री, टोपी वापरा’ म्हटल्यावर मात्र हशा पिकला. शेवटी एका म्हाताऱ्या मावशींनी पावरीत विचारले, ते मराठीत सांगायचे तर असे : “आम्ही बाहेर नाही पडलो, तर पाणी आपल्या पायांनी घरात येणार का?”

हसून झाल्यावर मला राग आला. आधी पत्रकावर, मग स्वतःवर, कारण तेच पत्रक मी गेली कित्येक वर्षे शिबिरांतून वाटत होते.

पत्रकातली माहिती खोटी नाही, हे आधीच सांगते. पाणी पीत राहावे, सुती सैल कपडे घालावेत, चक्कर-मळमळ वाटली की सावलीत यावे, हे सगळे खरेच आहे. पण ते कोणाला उद्देशून लिहिले आहे? ज्याला पंखा आहे, नळ आहे आणि ज्याची दुपार त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे त्याला. ‘दुपारच्या वेळी स्वयंपाक टाळा’ असे त्यात म्हटले आहे. ठीक. मग सकाळी पाण्याच्या दोन खेपा, शेण-गोठा, लेकरे आणि मजुरी उरकून आलेल्या बाईने चूल कधी पेटवायची? ‘जनावरांना सावलीत ठेवा, त्यांना भरपूर पाणी द्या.’ हे वाक्यही आहे. बैलाच्या सावलीची काळजी शासनाला आहे. त्या बैलासाठी झऱ्यावरून पाणी कोणाच्या डोक्यावरून येते, ते लिहायचे राहून गेले.

आणि पत्रकाचे व्याकरण बघा. ‘पहाटेच्या वेळी जास्तीत जास्त काम उरकण्यात यावे’, ‘गरोदर मजुरांची अधिक काळजी घेण्यात यावी.’ कोणी? ठेकेदाराने, ग्रामसेवकाने, की तहसीलदाराने? ‘यावे’, ‘यावी’ म्हटले की कोणाचेच नाव घ्यावे लागत नाही आणि कोणाला जाबही विचारता येत नाही.

पहाटेच्या कामाचे आम्हाला कोणी शिकवायला नको. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचायला सातपुड्यातली बाई झुंजूमुंजू व्हायच्या आत टोपली घेऊन निघते आणि ऊन चढायच्या आत परत फिरते. जिथे कामाची वेळ तिच्या हातात आहे, तिथे ती उन्हाशी बरोबर जुळवून घेते. वेळ दुसऱ्याच्या हातात गेली की ती उन्हात सापडते.

रोजगार हमीचेच घ्या. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात ही योजना आणली, १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या आणि बंधाऱ्याची माती वाहणाऱ्या बायांच्या कष्टावर ती उभी राहिली. पुढे २००५ साली देशाचा कायदा झाला आणि पहिल्या २०० जिल्ह्यांत आपला नंदुरबार होता. त्या कायद्यात लिहिले होते : कामावर पिण्याचे पाणी हवे, सावली हवी, प्रथमोपचाराची पेटी हवी, सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई हवी. मी पाहिलेल्या किती कामांवर ही सावली होती? बोटे मोजायला घेतली तर एका हाताचीही पुरी होत नाहीत. पाण्याचा हंडा असला, तर तोही बायांनीच घरून आणलेला.

मग मोबाईलवरची हजेरी आली. जानेवारी २०२३ पासून ती सगळीकडे सक्तीची झाली. दिवसातून दोन फोटो : एक सकाळी, दुसरा दुपारी दोननंतर. मजुरी मोजणीवर, म्हणजे जेवढी माती उचलाल तेवढे पैसे. बाया पहाटे येऊन अकराच्या आत नेमून दिलेले काम संपवत होत्या. पण फोटो बाकी! घर चार कोस लांब, जाऊन परत यायची सोय नाही. म्हणून काम संपलेल्या बाया नुसत्या फोटोसाठी उघड्या माळावर दुपारभर बसून राहिल्या. पुढे नियम बदलला, पहिल्या फोटोनंतर चार तासांनी दुसरा काढता येऊ लागला. पण डोंगरात रेंजच नसते. मेट बाई मोबाईल उंच धरून टेकडीवर फिरायची, आणि पहिला फोटो नऊला गेला तर दुसरा एकच्या आत निघायचा नाही. बोगस हजेरी लावणारे होते कोण? कंत्राटदार आणि त्यांचे मित्र. उन्हात बसली कोण? बाई.

अशाच एका कामावर पाच महिन्यांची गरोदर मुलगी टोपली टाकून खाली बसली. बोलणे असंबद्ध झाले, अंग भट्टीसारखे. देखरेखीवरचा माणूस म्हणाला, “नाटकं आहेत, सकाळी खाऊन आली नसेल.” खाल्ले नव्हतेच तिने. आम्ही तिला झाडाखाली नेले, लुगडे सैल केले, मानेवर, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवली, पदराने वारा घातला. गाडी यायला वेळ लागला. ती वाचली. तिचा त्या दिवसाचा अर्धा रोज मात्र कापला गेला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. शंभराचे सव्वाशे दिवस होणार म्हणतात. दिवस वाढोत, पण त्या दिवसांतल्या दुपारचे काय?

आता खारघर आठवा. १६ एप्रिल २०२३. शासनाचाच पुरस्कार सोहळा, भर उन्हात मैदानावर लाखोंची गर्दी, आणि उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू. त्यांत बायांचीच संख्या जास्त. त्यानंतर शासनाने लगेच जाहीर केले की उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेता येणार नाहीत. म्हणजे टाळ्या वाजवायला दुपारी बसवणे धोक्याचे आहे, हे कळले. मग त्याच उन्हात खडी फोडायला लावणे धोक्याचे नाही? हे करता येत नाही, असेही नाही. केरळात कामगार खाते उन्हाळ्यात उघड्यावरची कामे बारा ते तीन बंद ठेवायला लावते. आंध्र प्रदेशात रोजगार हमीच्या मोजणीत उन्हाळ्याची सूट दिली जात असे, एप्रिल-मेमध्ये ३० टक्क्यांपर्यंत. माती तापून कडक होते, फावडे आत जात नाही, माणूस लवकर थकते, हे तिथे हिशेबात धरले गेले. सातपुड्याचा मुरूम काय मऊ आहे?

हवामान खात्याचा पारा सावलीतल्या पांढऱ्या जाळीदार पेटीत असतो. शहाद्यात ४३ अंश म्हणजे पेटीतले ४३. उघड्या मातीवर वाकलेल्या बाईच्या पाठीवरचे ऊन त्यात आलेले नाही. आणि घरकुलाचा पत्रा? कुडाच्या भिंती आणि कौले होती तेव्हा दुपारी घरात तरी टेकता येत होते. आता पत्र्याखाली चूल पेटवून भाकरी थापणारी बाई ‘घरातच’ असते, पत्रकाप्रमाणे अगदी सुरक्षित! घरातला पुरुष त्याच वेळी निंबाखाली बाजेवर आडवा झालेला असतो. दुपारची विश्रांती त्याला मिळते, बाईला नाही, आणि ही गोष्ट शासनाने केलेली नाही. ती आपल्याच घरात आपल्याला बोलावी लागेल.

‘भरपूर पाणी प्या.’ बाई कामावर पाणी पीत नाही, कारण प्यायले तर लघवीला जायचे कुठे? आजूबाजूला पुरुष, आडोसा नाही. म्हणून ती तहान मारते, आणि मग जळजळ, ताप, कंबरदुखी. आपल्या जिल्ह्यात तर घरोघरी सिकलसेल आहे. शरीरातले पाणी कमी झाले की या आजाराच्या माणसाला हाडे फुटल्यासारख्या वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणजे आडोशाचा प्रश्न हा लाजेचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. कामावर चार बांबू आणि गोणपाट लावायला किती खर्च येतो?

आणि घरात गेलेल्या बाईची नोंद कुठे होते? उष्माघाताचा मृत्यू ठरवायला डॉक्टर लागतो, कागद लागतो. पाड्यावर दोन दिवस ‘ताप आला’ म्हणून पडून राहिलेली म्हातारी कोणत्या आकड्यात बसते?

आपलेही चुकते. कलेक्टर कचेरीवरचा आपला मोर्चा मे महिन्यात बाराला पोहोचतो, कारण साहेब अकरानंतर भेटतात. लांबून चालत आलेल्या बायांना आपण रस्त्यावर तासन्‌तास बसवतो आणि घोषणा द्यायला लावतो. यापुढे उन्हाळ्यात मोर्चा सकाळी आठला निघेल, साहेबांना लवकर यावे लागले तर येतील.

१ मेला ग्रामसभा आहे. तिच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती घ्याच. आपल्या जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे पाड्याच्या ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याने वजन आहे. ठराव असा लिहा : एप्रिल ते जून कामाची वेळ सकाळी सहा ते अकरा, दुसऱ्या हजेरीसाठी कोणालाही थांबवायचे नाही, मोजणीत उन्हाळ्याची सूट, सावलीचे छप्पर, पाणी, आडोसा आणि मीठ-साखरेची पाकिटे काम सुरू व्हायच्या आधी, आणि हे नसेल तर कोणता अधिकारी जबाबदार, त्याचे पद ठरावात. ‘यावे’, ‘यावी’ लिहू नका. सह्या, अंगठे घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसीलदारांकडे, एक आपल्याजवळ. आणि दोन्हीकडची पोच घेतल्याशिवाय उठू नका.