फोटोतला चाँद

रमजानच्या २९ व्या दिवशी मगरिब झाली की मोबाइलवर फोटो येऊ लागतात. सांगलीच्या कृष्णाकाठचा एक, साताऱ्याच्या छतावरचा दुसरा. एखाद्यात चाँद जाड, गोल, लखलखीत दिसतो आणि घरात वाद सुरू होतो : "एवढा मोठा? म्हणजे हा कालचाच! ईद चुकली." अशा वेळी आपण आधी कॅमेरा समजून घेऊ या.

आपला डोळा त्या त्या क्षणाचा उजेड पाहतो. कॅमेरा तो साठवत जातो. नाइट मोड काही सेकंद उजेड गोळा करतो. त्यामुळे झाडे-घरे उजळतात. पण चंद्रावर तर थेट ऊन पडलेले असते. पौर्णिमेच्या चंद्राला सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. नाजूक कोरीला थोडा जास्त वेळ लागतो, पण उजेड फार साठला की ती पांढरीफटक होऊन कडेने पसरते आणि जाड दिसते.

शिवाय पृथ्वीवर पडलेले ऊन परावर्तित होऊन चंद्राच्या काळ्या भागावर जाते. डोळ्यांना तो भाग जेमतेम जाणवतो. लांब एक्स्पोजरमध्ये मात्र उजळतो आणि कोरीच्या जागी आख्खा गोल उमटतो. त्यात चंद्र आकाशात दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. ३० सेकंदांच्या फोटोत तो पाव रुंदीने लांबतो.

इब्न अल-हैसम (सुमारे ९६५–१०४०) यांनी ग्रहणाच्या सूर्याबाबत दाखवले होते की छिद्र लहान असेल तर पडद्यावर कोर उमटते, मोठे केले तर गोल. तिथले कारण वेगळे, पण धडा तोच : आकार साधनावरही अवलंबून असतो.

जागेचाही फरक आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर. कोर त्याआड लवकर जाते. सांगलीत नदीपलीकडे मोकळे क्षितिज, तिथे ती आणखी काही मिनिटे दिसू शकते. म्हणून एकाला दिसला, दुसऱ्याला नाही, तरी दोघेही खरे असू शकतात.

फोटो काढायचाच तर नाइट मोड बंद करा, पडद्यावर चंद्रावर बोट ठेवा, उजेड कमी करा. पुढे पाठवताना गाव आणि वेळ लिहा. आणि चाँद कालचा की आजचा, हे फोटोतल्या जाडीवरून ठरवू नका. ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्यालाच विचारा. मुलांनाही छतावर न्या. आधी चाँद पाहू द्या, मोबाइल नंतर.