समाधान म्हणजे मानधन नव्हे

लहान मुलांना नृत्य शिकवणाऱ्या शिक्षिकेविषयी आपल्याकडे दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले तिच्या पाठीमागे : रंगमंचावर काही जमले नाही, म्हणून क्लास काढला. दुसरे तिच्या तोंडावर : किती समाधान मिळत असेल हो तुम्हांला! पहिल्यातील तुच्छता कोणालाही कळते. दुसऱ्यातील तुच्छता सभ्य असल्यामुळे खपून जाते. ते वाक्य उच्चारले की फी वाढवण्याचा विषय आपोआप मागे पडतो. आमचे म्हणणे असे की, हे समाधान खरे आहे. परंतु ते ज्या कामातून मिळते, ते कामच आपण तिला करू देत नाही.

यासाठी बॅलेचे उदाहरण मुद्दाम घेतो. रत्नागिरीचा बॅलेशी काय संबंध, असे कोणी विचारील. महाराष्ट्राला ही कला अगदीच परकी नाही; मुंबईत तुष्णा दल्लास यांची बॅलेची शाळा १९६६ मध्ये सुरू झाली. पण आम्हांला येथे महत्त्वाचे वाटते ते या शिक्षणातील धीराचे तत्त्व. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहिलेली नर्तिका ही बॅलेची सर्वपरिचित प्रतिमा. मात्र जाणता शिक्षक साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षापूर्वी मुलीला त्या बुटांत उभी करीत नाही. पावलांची हाडे घडायची असतात, घोट्यांत आणि पाठीत बळ यायचे असते. म्हणजे पाचव्या वर्षी आलेली मुलगी पुढची सहा-सात वर्षे काय शिकते? नीट उभे राहणे, गुडघे वाकवणे, उडी मारून आवाज न करता खाली येणे, संगीत थांबताच थांबणे. पालकांनी कौतुकाने चित्रित करावे असे यात फारसे काही नाही. शिकवणारीचे समाधान नेमके या न दिसणाऱ्या वर्षांत आहे. काल तोल जाणारे मूल आज तोल सावरते, आणि ते पाहणारी बहुधा ती एकटीच असते.

बॅलेच्या कडव्या विरोधक इझाडोरा डंकन यांचे आत्मचरित्र रोहिणी भाटे यांनी मराठीत आणले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. बॅले शरीराच्या निसर्गाविरुद्ध जातो, असे इझाडोरांचे मत होते. तरी १९०४ मध्ये बर्लिनजवळ त्यांनी शाळा काढली ती लहान मुलींसाठीच. इतके टोकाचे मतभेद असलेले दोन पक्ष बालवयापाशी येऊन मिळतात, यावरून त्या वयाचे मोल कळावे.

आमच्या जिल्ह्यात काय घडते? स्नेहसंमेलन पंधरा दिवसांवर आले की नृत्यशिक्षकाची आठवण होते. चित्रपटातले गाणे ठरते, कपडे भाड्याने येतात, मुले हालचाली पाठ करतात आणि तिसऱ्या दिवशी विसरतात. खाजगी वर्गात पहिला प्रश्न परीक्षेचा असतो. दहावीला शास्त्रीय नृत्य आणि लोककलांसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे. तिचा हेतू चांगलाच. परंतु सहा वर्षांच्या मुलीचे पाऊल त्या गुणांच्या हिशेबाने पडू लागले, की शिक्षिकेची शिकवणीवाली होते. याच जिल्ह्यात गणपतीत जाखडी नाचली जाते. तेथे पोर मोठ्यांच्या फेरात शिरते, चुकते, पुन्हा फेर धरते, आणि वर्षानुवर्षे तसेच शिकत जाते. त्याला कोणी गुण विचारीत नाही. धीराचे हे तत्त्व आमच्या अंगणातच होते. आम्ही त्याकडे शाळेची पाठ फिरवली.

कोणी 'ये बॅले' या २०२० च्या चित्रपटाकडे बोट दाखवील. मुंबईतील दोन गरीब मुलगे आणि येहुदा माओर हे त्यांचे इस्रायली गुरू यांच्या सत्यकथेवर तो आधारलेला आहे. ती कथा मोलाचीच; पण तिच्यातून आपण शिक्षकाचे यश परदेशी शिष्यवृत्तीवर मोजायला शिकलो, तर घात होईल. शिकणाऱ्या शंभरांतली बहुतेक मुले नर्तक होणार नाहीत. त्यांना शिकवणे वाया गेले काय?

हा प्रश्न साहित्याच्या लोकांनी तरी परका मानू नये. 'यमाताराजभानसलगा' घोकून, बोटांवर मात्रा मोजून वृत्त ओळखणारे आणि तरीही कवितेची लय कानी न पडणारे पदवीधर आपल्याच वर्गांतून बाहेर पडतात. लय अंगात मुरण्याचे वय निघून गेल्यावर ती फळ्यावर समजावणे हा आपला व्यवसाय झाला आहे. पाच वर्षांच्या मुलाला टाळी आणि पाऊल यांचा मेळ शिकवणारी बाई आपल्या कामाचा पाया घालते. आणि विद्वत्सभेत मानाची खुर्ची मात्र आपल्याला मिळते.

म्हणून तिच्या समाधानाचे गोडवे गाणे आता पुरे. तिला बरी जमीन द्या, वर्षभराचा तास द्या, कामाला साजेसे वेतन द्या, आणि निदान पहिली चार वर्षे तिच्याकडे कार्यक्रम मागू नका. समाधानाचे तिचे ती पाहून घेईल.