जाड गोळी म्हणजे लांबचा पल्ला नव्हे



गेल्या अंकातील रायफलींवरच्या लेखात ‘कॅलिबर जेवढे मोठे, तेवढा पल्ला लांब’ असे विधान आहे. ते अर्धसत्य आहे. 1952 साली बाजारात आलेल्या .308 विंचेस्टर काडतुसाची गोळी 7.82 मिलिमीटर जाड. 2007 च्या 6.5 क्रीडमूरची 6.7 मिलिमीटर. तरी हजार यार्डांवर वारा बारकीलाच कमी ढकलतो. 140 ग्रेन वजनाची ही बारकी गोळी तळहातावर घेऊन पाहा: पेन्सिलीच्या टोकासारखी लांब, निमुळती. हवा कापते, वेग टिकवते आणि खांद्याला धक्काही कमी बसतो.

दुसरा मुद्दा लेखात सुटलाच. कागदी लक्ष्याला अचूकता पुरते. शिकारीत जनावर न तडफडता मरावे, म्हणून गोळी आत शिरल्यावर फुलावी लागते. मी राहतो त्या कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणासाठी फुलणारी, किमान 85 ग्रेनची गोळी कायद्यानेच सक्तीची आहे. स्पर्धेची गोळी तिथे भरवशाची नाही.

भारतात वन्यजीव कायद्यामुळे आता शिकारीचा प्रश्न उरला नाही. पण नेमबाजी शिकणाऱ्या मुलांना निदान चुकीचे गणित तरी शिकवू नये.

– एक वाचक, डेन्व्हर