रस्त्याची लिपी बदलताना

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नळदुर्गावरून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ९ होता. २०१० च्या पुनर्क्रमांकनात तो ६५ झाला. क्रमांक बदलल्याने वळणे बदलली नाहीत. परंतु ज्या भाषेत वळण मांडले जाते ती भाषाच बदलली तर काय होते, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही, असे आम्हांस वाटते.

रस्ते आखण्याच्या सॉफ्टवेअरलाही पिढ्या असतात. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये जन्मलेले ‘मॉस’ पुढे ‘एमएक्स’ झाले, २००३ मध्ये बेंटले कंपनीकडे गेले, आणि आता त्याची जागा ‘ओपनरोड्स डिझायनर’ने घेतली आहे. हे निव्वळ नामांतर नव्हे. एमएक्समध्ये रस्ता म्हणजे रेषांची जुडी होती: मध्यरेषा, डांबराची कड, बाजूपट्टीची कड, प्रत्येकीला स्वतंत्र नाव. ओपनरोड्समध्ये एक नमुना-छेद मध्यरेषेवरून सरकत जातो व त्यातून रस्ता घडतो. पहिल्याचे व्याकरण नामांचे, दुसऱ्याचे नियमांचे.

एकातून दुसऱ्यात जाताना ‘लँडएक्सएमएल’सारख्या सामाईक स्वरूपातून मध्यरेषा, चढउतार, जमिनीचा पृष्ठभाग पार होतात. मागे राहते ते कारण: येथे वळण एवढे सैल का ठेवले, तेथे भराव का वाढवला. पुढे रस्ता रुंद करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. जुनी फाईल जपली तरी ती उघडणारे सॉफ्टवेअर हाताशी नसेल, तर ती वाचकाविना पोथीच.

साहित्याच्या अभ्यासकांना हा पेच नवा नाही. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही सहसा पाळत नसत. त्यामुळे देवनागरीत लिप्यंतर करणारा ओळीओळीला निवाडा देत असतो, आणि चांगला संपादक तो तळटीपेत नोंदवतो. नव्या लिपीला आमचा विरोध नाही. नियम एकदा बदलताच मैलोगणती रस्ता नव्याने मांडला जावा, ही सोय मोठीच आहे. आमचा आग्रह तळटीपेचा आहे. रूपांतराच्या कामात ‘का’ची नोंद हा स्वतंत्र, मोबदला देऊन करवून घेतलेला भाग असावा.

नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी बोरी नदीच्या बंधाऱ्यातच पाणीमहाल बांधला गेला. सांडव्यांवरून पाणी कोसळू लागले की त्याचा हेतू पाहणाऱ्याला दगडातच वाचता येतो. संगणकातल्या रस्त्याला दगड नाही. त्याचा हेतू कुणीतरी लिहूनच ठेवला पाहिजे.